बेफिकीर गुलाबभाई

जैनब दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. ती आत आली नाही, चपलाही काढल्या नाहीत. "मामू गेले, बाई," एवढंच म्हणाली, आणि मलाच धीर द्यायला आल्यासारखी पुढे होऊन माझ्या हातातलं ताट तिनं खाली ठेवलं. नव्वदीला टेकलेला माणूस. ना दुखणं ना खुपणं, रात्री नेहमीसारखी भाकरी कुस्करून खाल्ली, सकाळी उठलेच नाहीत. मी तशीच तिच्याबरोबर रिक्षात बसून भिंगारला गेले. गल्लीत माणसं जमली होती. बाजेभोवती बसलेल्या बायकांत मीही जाऊन बसले. बाहेर कुणीतरी म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, की गुलाब जन्मभर बेफिकीर जगला आणि गेलाही बेफिकीरच... ऐकणाऱ्यानं मान हलवली. त्या दोघांनी ते प्रेमानंच म्हटलं होतं. पण तो शब्द माझ्याबरोबर घरी आला आणि अजून गेलेला नाही.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. 'बेफिकीर' या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला, की मुली वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहायच्या : रामू बेफिकीर असल्यामुळे नापास झाला. पुस्तकातही तो शब्द 'निष्काळजी'च्या शेजारी बसवलेला असे, एका बाकावर बसवलेल्या दोन वांड पोरांसारखा. माझी आई मला दूध उतू गेलं की बेफिकीर म्हणायची. पण तिसगावकडच्या म्हाताऱ्या एखाद्या पैलवान नातवाबद्दल 'लई बेफिकीर गडी' म्हणायच्या तेव्हा त्यांचे डोळे अभिमानानं बारीक व्हायचे. आणि नगरच्या कापडबाजारात तर एखादा व्यापारी गिऱ्हाइकाला सांगायचा, बेफिकीर राहा, माल घरपोच होईल. म्हणजे माणूस स्वतः बेफिकीर असला तर तो दोष, आणि दुसऱ्याला बेफिकीर राहा म्हटलं तर ते वचन. शब्द एकच. त्याच्या या दोन टोकांमध्ये किती अंतर आहे, आणि ते कसं तुटतं, हे मला कुठल्या कोशानं सांगितलं नाही. ते मी नगर-पाथर्डी रस्त्यावर एका मोटारीत बसून शिकले.

लढाईचे दिवस होते. नगरच्या रस्त्यांवरून लष्कराच्या गाड्या धुरळा उडवत जायच्या, किल्ल्यात देशाचे पुढारी कोंडलेले होते आणि रॉकेलपासून साखरेपर्यंत सगळ्याला रांग होती. मी नुकतीच शिक्षिकेचं शिक्षण संपवून बाहेर पडले होते आणि मला तिसगावला नेमणूक मिळाली. आमचं कुटुंब ख्रिस्ती, वडील शाळामास्तर. मुलीनं शिकवायला जावं हे त्यांना हवंच होतं, पण तिनं एकटीनं करंजीचा घाट उतरून परगावी राहावं, हे मात्र मनाला पटवून घ्यायला त्यांना वेळ लागला. सोमवारी जायचं, शनिवारी परत यायचं, म्हणजे रविवारची उपासना चुकणार नाही, असं ठरलं. पहिल्या दिवशी ते मला पोचवायला मोटारस्टँडवर आले आणि त्यांनी सर्वांत आधी चौकशी केली ती ड्रायव्हरची. पाथर्डीचा एक भुसार व्यापारी पोत्यावर बसला होता, त्यानं खरं ते सांगितलं, "गाडीवर हात चांगला हाय त्याचा, पन मानूस लई बेफिकीर."

वडिलांचा चेहरा उतरला. तो बेफिकीर माणूस समोरच बॉनेटला टेकून पेरू खात होता. उंच, सावळा, टोपी एका कानावर कललेली, पंचविशीतला. वडील त्याच्याजवळ गेले आणि त्याला सगळं सांगत बसले : मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर जाते आहे, तिला गाडी लागते, पत्र्याची ट्रंक टपावर आहे, ती नीट बांधली आहे ना, तिसगावला कोण उतरवून घेणार... गुलाबभाईंनी सगळं ऐकून घेतलं. अर्धा पेरू टाकून दिला, हात धोतराला नव्हे, खिशातल्या रुमालाला पुसले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही बेफिकीर राहा."

वडिलांनी घरी जाऊन हे आईला चिंतातुर होऊनच सांगितलं. ज्याला जग बेफिकीर म्हणतं तोच मला बेफिकीर राहायला सांगतो, आता काय समजायचं? आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "ज्याच्यापाशी असेल तोच देईल ना." हे वाक्य वडील पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत, आणि दर वेळी स्वतःच हसत.

ती मोटार म्हणजे एक प्रकरणच होतं. पेट्रोल मिळेना म्हणून मालकानं तिच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडली होती. निघायच्या आधी क्लीनर पंखा फिरवून फिरवून कोळसा फुलवायचा, मग केव्हातरी इंजिन खोकत जागं व्हायचं. जाताना घाट उतरणीचा, त्यामुळे सोमवार बरा जायचा. शनिवारी परतताना मात्र चढ लागला की मोटार हाय खायची. बायका-मुलांना बसू देऊन पुरुषमंडळी उतरायची, पुढे चालायची, कधी मागून खांदा लावायची, आणि घाटमाथ्यावर येऊन काळवंडलेल्या तोंडांनी पुन्हा आपापल्या जागा धरायची. वेळ म्हणून काही उरलेलीच नव्हती. आणि जी थोडीफार उरली होती ती गुलाबभाई उधळून टाकत. शेताच्या पार टोकाला कुणी गाठोडं हलवताना दिसलं की गाडी थांबली. सासरी निघालेली पोर आईच्या गळ्यात पडून रडत असली, तर तिचं रडणं पुरं होईपर्यंत हे स्टिअरिंगवर कोपर टेकून दुसरीकडे बघत बसायचे. कचेरीतली माणसं चिडायची, मालकाकडे तक्रार करायची. मालक बोलवून घ्यायचा, झाडायचा. हे खाली मान घालून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणा म्हातारीची शेळी टपावर चढेपर्यंत गाडी उभी. बेफिकीर, बेफिकीर... तो शब्द त्यांच्या नावाआधी लावायचीच पद्धत पडून गेली होती.

एका सोमवारी घाट उतरताना ते मागच्या बाकावरच्या एका बाईशी तिच्या लेकीच्या लग्नाबद्दल बोलत होते. मीही त्याच बाकावर, बायकांच्या जागेवर बसले होते. मुलगा काय करतो, जमीन किती, मांडव दारात घालणार का मारुतीच्या देवळापुढे, असे प्रश्न चालले होते. बाई खुलून सांगत होती. मला एवढंच जाणवलं की मोटार नेहमीपेक्षा जास्त पळते आहे, आणि गुलाबभाईंचा उजवा पाय सारखा वरखाली होतो आहे. मग एका वळणावर त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, रस्त्याकडेला रचलेल्या खडीच्या ढिगात पुढचं चाक घातलं, आणि एक मोठा हिसका बसून आम्ही उभे राहिलो. कुणाच्या डोक्याला टेंगूळ, कुणाचा डबा सांडला, एवढंच. ब्रेक गेला होता. पलीकडे दरी होती हे लोकांना खाली उतरून मागे बघितल्यावर कळलं, आणि मग काही जण तिथेच मटकन बसले. गुलाबभाईंनी क्लीनरला करंजीला पिटाळलं, सगळ्यांना पाणी दिलं, आणि स्वतः एका लिंबाखाली टोपी तोंडावर घेऊन चक्क झोपले. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच, बघा, काय बेफिकीर माणूस आहे.

मी पुढे एकदा त्यांना विचारलं, की तेव्हा तुम्हाला भीती नव्हती का वाटली? ते म्हणाले, वाटली ना. पण लोकांना कळलं असतं तर सगळे उभे राहिले असते, दाराकडे धावले असते, आणि गाडी एका अंगाला कलली असती. आणि मग हसून, "गाडीत घाबरायचं काम एकानंच करायचं असतं, बाई. त्याचाच पगार मला मिळतो." मग झोपलात कसे, असं मी विचारल्यावर ते जरा ओशाळले. झोप नव्हती ती, पाय उभे राहत नव्हते, म्हणाले.

लढाई संपली, पेट्रोल आलं, भट्टी निघाली. स्वातंत्र्यही आलं. पण आमच्या पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला तेव्हा निजामाची हद्द लागायची आणि स्वातंत्र्य त्या हद्दीशी येऊन थांबलं होतं. पलीकडून रोज नव्या बातम्या यायच्या. जाळपोळीच्या, पळून आलेल्या कुटुंबांच्या. बैलगाड्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी माणसं घालून लोक अलीकडे येऊ लागले. पाथर्डीच्या स्टँडवर, देवळांत, शाळांच्या ओट्यांवर त्यांची बिऱ्हाडं पडली. आणि कुणीतरी कुठेतरी म्हणालं, की गुलाब ड्रायव्हरची बहीण पलीकडच्या एका गावी दिलेली आहे, तो तिकडे जाऊन येत असतो, इथली खबर तिकडे देतो. बहीण दिलेली होती हे खरं. ईदला ते तिला चोळी-बांगडी घेऊन जायचे हेही खरं. बाकीचं खरं असण्याची गरजच नव्हती.

लोकांनी त्यांच्या गाडीत बसणं सोडलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. सकाळची गाडी गुलाबभाईंची आणि दुपारची दुसऱ्या ड्रायव्हरची, तर लोक दुपारपर्यंत उन्हात बसून राहायचे आणि त्या गाडीला लोंबकळत जायचे. मालक त्यांना म्हणाला, की काही दिवस घरी बस. ते म्हणाले, गाडी तर गेली पाहिजे. आणि त्या दिवसांत एक विलक्षण गोष्ट झाली : जन्मात कधी वेळेवर न सुटलेली गुलाबभाईंची गाडी ठोक्याला सुटू लागली. थांबायला लावणारं कुणी राहिलंच नव्हतं. तरी ते प्रत्येक थांब्यावर गाडी उभी करायचे. पारावर बसलेली माणसं दुसरीकडे बघायची. गुलाबभाई थोडा वेळ वाट बघायचे, दार लावायचे, पुढे निघायचे. मी त्यांच्याच गाडीनं जात राहिले. त्यात काही धैर्य नव्हतं. वडील तेव्हा थकले होते, भाऊ नको म्हणत होता, पण वडील अंथरुणातून म्हणाले की मी त्या माणसाला एकदा सांगून ठेवलं आहे, पुन्हा सांगायची गरज नाही. त्या रिकाम्या गाडीत आम्ही तिघं, ते, क्लीनर आणि मी. ते पूर्वीसारखे बोलत नसत. मला वाटायचं, लोकांचा राग आला असेल... एकदा मी म्हटलंही, की तुम्ही मनावर घेऊ नका. त्यांनी आरशातून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कशाबद्दल बोलते आहे हेच त्यांना कळलं नव्हतं.

मग एका शनिवारी पाथर्डीहून गाडी तिसगावला आली ती रिकामी नव्हती. पाथर्डीला काय झालं होतं ते मला क्लीनरनं सांगितलं. पलीकडून आलेलं एक कुटुंब स्टँडवर बसलं होतं, एक म्हातारी, तिची दिवस भरत आलेली सून आणि लहान मुलं. म्हातारीचा मुलगा मागे राहिला होता, का राहिला ते कुणी विचारत नव्हतं. त्यांना श्रीगोंद्याकडे नातेवाइकांकडे जायचं होतं, म्हणजे आधी नगर गाठायचं. लोकांनी म्हातारीला अडवलं, दुपारच्या गाडीनं जा म्हणाले, या गाडीचा ड्रायव्हर कोण आहे ते सांगितलं. म्हातारीचं घर जळलं होतं. भ्यायचा अधिकार त्या अख्ख्या स्टँडवर सर्वांत जास्त कुणाला असेल तर तिला होता. ती उठली, गाडीपाशी गेली आणि गुलाबभाईंचं तोंड नीट बघून म्हणाली, "लेकरा, सून अवघडलेली हाय माझी. दनके न देता नेशील का?"

ते म्हणाले, "बेफिकीर बसा, आई."

तिसगावला मी चढले तेव्हा म्हातारी माझ्या नेहमीच्या जागी बसली होती आणि सून दोन गाठोड्यांच्या मध्ये टेकून. त्या दिवशी करंजीचा घाट आम्ही जसा चढलो तसा पुन्हा कधी चढलो नाही. एकेक खड्डा चुकवत, बैलगाडीच्या चालीनं. माथ्यावर इंजिनाला पाणी घालायला गाडी थांबली तेव्हा म्हातारीनं फडक्यातून भाकरी आणि ठेचा काढला आणि आधी ड्रायव्हरला दिला. त्यांनी ती भाकरी उभ्या उभ्या, पाठ आमच्याकडे करून खाल्ली. खायला फार वेळ लावला. नगरला स्टँडवर लोकांनी त्या कुटुंबाला त्यांच्या गाडीतून उतरताना बघितलं. कुणी माफी मागितली नाही, तशी पद्धतच नसते. पुढच्या आठवड्यात करंजीला दोघं चढली, मग कुणी शेळी घेऊन चढलं, आणि गाडीला पुन्हा उशीर व्हायला लागला.

पावसाळ्याच्या शेवटी फौजा पलीकडे गेल्या आणि ती हद्दच पुसली गेली. इकडे पेढे वाटले गेले. पण पलीकडच्या काही गावांत आता उलट्या दिशेनं आग फिरली होती. गुलाबभाई रजा घेऊन निघून गेले ते बरेच दिवस आले नाहीत. मग एका शनिवारी मी तिसगावला गाडीत चढले तर स्टिअरिंगवर क्लीनर होता, आणि ते स्वतः मागच्या बाकावर, उतारूच्या जागी बसले होते. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. दाढी वाढलेली, टोपी नव्हती. मांडीवर चार-पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरून झोपली होती. गाडी भरलेली होती. पुढच्या बाकावरच्या एका शेतकरणीनं, जी महिनोन् महिने या गाडीकडे पाठ करून पारावर बसली होती, आपली घोंगडी काढून मागे दिली आणि मुलीच्या पायांवर घालायला सांगितलं.

घाटमाथ्यावर गाडी थांबल्यावर ते माझ्याशी बोलले. बहीण आणि मेहुणा राहिले नव्हते. मुलीला शेजारच्या एका तेल्याच्या घरानं कणगीत लपवून वाचवलं होतं. वर्षभर त्यांना बहिणीची काहीच खबर नव्हती, जिवंत आहे की नाही एवढीही. लोक त्यांच्या गाडीत बसत नव्हते तेव्हा ते त्या विचारात होते, लोकांच्या नव्हे. मग म्हणाले, "लोक मला बेफिकीर म्हणायचे ते खोटं नव्हतं, बाई. बहीण होती ना माझी फिकीर करायला. आता ती गेली... आता हिची मी करीन."

ती मुलगी म्हणजे जैनब. गुलाबभाईंनी पुढे लग्न केलं नाही, मामूच्या संसारात ती आणि ते, एवढंच. खासगी मोटारी जाऊन सरकारी गाड्या आल्या, ते तिथे लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी गाडीच चालवली. टोपी पुन्हा एका कानावर आली, उशिराच्या तक्रारीही परत आल्या, आणि नवीन उतारूंनी त्यांना पुन्हा तेच नाव दिलं. माझी बदली नगरला झाल्यावर ते जैनबला घेऊन माझ्या शाळेत आले. मी तिला शिकवलं. ती शिवणकाम करून उभी राहिली, तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेल्यावर मुलाला घेऊन ती मामूंकडेच परत आली. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचं भांडं यायचं, नाताळला माझ्याकडून करंज्या जायच्या. आम्ही फार बोलायचो असं नाही. बोलण्यासारखं जे होतं ते घाटात बोलून झालं होतं.

परवा चाळिसाव्याला मी भिंगारला गेले. जेवणं होऊन पाहुणे पांगले होते. जैनबनं मला खोलीत बसवलं. पाहुण्यांसाठी कुणीतरी गुलाबभाईंची खाट भिंतीला लावून ठेवली होती. जैनब चहा ठेवून आली, खाट ओढत दारापाशी घेऊन गेली आणि उंबऱ्याला जवळजवळ चिकटवून, डोक्याची बाजू आत करून ठेवली. मी विचारल्यावर तिनं सांगितलं, की मामूंची खाट लहानपणापासून तिथेच असायची. गल्लीतले लोक म्हणायचे, वाऱ्याला झोपतो, मजेत आहे म्हातारा. ती शाळेतून यायची, मग शिवणाच्या कामावरून यायची, मग तिचा मुलगा यायचा, आणि आता नातू एमआयडीसीतल्या पाळीवरून येतो, तर ती खाट त्या वेळी कधी रिकामी नसायची. वळणावर कुणी दिसलं की ते डोळे मिटून घ्यायचे. विचारायचे काहीच नाहीत. तिला लग्न होईपर्यंत वाटायचं, मामू झोपलेलेच असतात.

मी त्या खाटेवर बसून चहा प्यायले. तिथून गल्ली अगदी वळणापर्यंत सरळ दिसते, वळणावरचा नळ, त्याच्यापलीकडचं पिठाच्या गिरणीचं पत्र्याचं दार... जैनबनं घड्याळाकडे बघितलं. नातवाची पाळी सुटायची वेळ झाली होती. मी उठले तशी ती म्हणाली, थांबा, रिक्षा बघते. पण मी नको म्हटलं आणि हळूहळू चालत निघाले. वळणावर पोचल्यावर मागे वळून बघितलं. जैनब त्या खाटेवर उशाला हात टेकून आडवी झाली होती, तोंड रस्त्याकडे. मी हात केला. तिनं डोळे मिटून घेतले.